घंटेआधीचं उत्तर

जिन्याच्या कडेने पोलादी रूळ बसवला, रुळावर खुर्ची बसवली आणि खुर्चीवर सासूबाईंना बसवलं, इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. खुर्ची खाली निघाली. वळणापर्यंत गेली, तिथे जरा थबकली, आणि सासूबाईंना घेऊन परत वर आली.

"आले बाई," वर पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या. "माझ्या माघारी घरात सगळं ठीक ना?"

जिन्याच्या वरच्या टोकाला त्यांची सून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. खालच्या टोकाला सासरे, म्हणजे अण्णा, कमरेवर हात ठेवून उभे होते. दोघांनी एकाच वेळी 'हं' केलं. त्या 'हं'चा अर्थही दोघांच्या मनात एकच होता: चूक समोरच्याची आहे.

सासूबाई शिंपीकाम करतात. घराच्या खालीच त्यांचं दुकान. एक शटर, दोन मशिनं, उभा आरसा आणि कपडे घालून बघायला पडद्याआडचा कोपरा. आसपासच्या शाळांमधल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांच्या हातचे. पोरगं फाटेल पण शिवण उसवणार नाही, अशी ख्याती. मग एक दिवस त्या पडल्या. जिन्यावरून नाही, सपाट जमिनीवर, स्वतःच्याच टेपमध्ये पाय अडकून. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत प्लेट बसवली आणि सांगितलं, "भरपूर चाला. फक्त जिना विसरा." घर वर, दुकान खाली, मध्ये जिना. डॉक्टरांनी थोडक्यात दुकानच विसरायला सांगितलं होतं, पण ते त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं.

शेजारी मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन हात पसरले की संपतं. त्याचा सासूबाईंच्या दुकानावर कधीपासूनचा डोळा. एके दिवशी अण्णांनी त्याला शब्द देऊन टाकला: पहिल्या तारखेला किल्ली तुझ्या हातात. "तिचंच म्हणणं आहे," असं ते सगळ्यांना सांगत. सासूबाईंनी ते ऐकलं, दातात धरलेली टाचणी काढली आणि म्हणाल्या, "पहिल्या तारखेला मी माझ्या पायांनी, नाहीतर माझ्या खुर्चीने खाली जाऊन मशिनवर बसले, तर दुकान माझं. नाही बसले, तर द्या किल्ली." आणि टाचणी परत दातात धरली. त्या टाचणीमुळे पुढचं काही विचारायची सोय राहिली नाही.

अण्णा दिलेला शब्द मोडत नसत. सासूबाई बोललेला शब्द गिळत नसत. आता सगळं येऊन पडलं खुर्चीवर.

खुर्ची बनवणारी कंपनी म्हणजे एका गोदामाचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात गाद्यांचा कारखाना. खुर्चीवरून कोणी पडलंच तर शेजारी सोय आहे, असं मालक पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत आणि ऑर्डर न देता जात. सून या कंपनीत आधीपासून होती. मोटारीचं काम जाणणारा माणूस मिळत नाही अशी मालकांची रड तिने एकदा जेवताना सहज घरी सांगितली, आणि जन्मभर लिफ्टच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेले अण्णा वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हणाले, "येतो." तिचं वाक्य पुढे 'पण मालकांना तरुण माणूस हवाय' असं जाणार होतं. ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

कामावर अण्णा तिला 'मॅडम' म्हणत. अशा आवाजात म्हणत, की त्यापेक्षा 'सूनबाई' बरं.

खुर्चीत दोन प्रोसेसर आहेत. थोरला फार हुशार. स्क्रीन दाखवतो, बोललेलं ओळखतो, घरच्यांच्या फोनवर खबर पाठवतो. त्याच्यावर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, त्यामुळे तो सदा कामात असतो, आणि सदा कामात असणाऱ्या सगळ्यांप्रमाणे त्याला एकही गोष्ट अगदी वेळेवर करता येत नाही. धाकटा मठ्ठ, पण वेळेचा पक्का. त्याला मोटार फिरवणं आणि थांबवणं याखेरीज जगात काही कळत नाही. माणूस पाठीवर घेऊन जिना उतरायचा असेल तर भरवसा धाकट्यावर ठेवतात, आणि स्क्रीनवर फोटो थोरल्याचा असतो.

या दोघांमध्ये मेमरीचा एक छोटा तुकडा सामाईक. ही मंडळी त्याला खण म्हणत. खण दोघांनाही उघडता येतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात या देवघेवीची ठरलेली रीत असते. थोरल्याने खणात निरोप ठेवायचा आणि घंटा वाजवायची. घंटा म्हणजे एका तारेतून गेलेली विजेची टिचकी. घंटा ऐकून धाकट्याने खण उघडायचा, निरोप वाचायचा आणि 'मिळालं' अशी पोच द्यायची. निरोप तीनच गोष्टींचा: वर की खाली, किती वेगाने, कुठपर्यंत. थोरल्याच्या बाजूचं हे सगळं सुनेने लिहिलं होतं. धाकट्याच्या डोक्यात जे होतं, ते अण्णांनी घातलेलं.

गोदामात खुर्चीवर वाळूची पोती ठेवून दोघांनी ती महिनाभर चढवली, उतरवली. एकदाही चुकली नाही. मालक खूश होऊन म्हणाले, "आता माणूस बसवून बघू. घरातच माणूस असताना बाहेर कशाला शोधायचा?" अशा तऱ्हेने रूळ घरी आला.

आणि घरी आल्यावर खुर्चीला माघारी फिरण्याचा रोग जडला. कधी वळणावरून, कधी त्याच्या खालून. एकदा तर शेवटच्या पायरीवरून, सासूबाईंनी उतरायला पाय पुढे केलेला असताना. बरं, माघारी निघाली की मध्ये थांबणार नाही. गिअरला धक्का बसू नये म्हणून अण्णांनीच तशी सोय केली होती: एकदा मध्येच दिशा बदलली की टोकाला पोचेपर्यंत दुसरं ऐकायचं नाही.

"रुळाला तेल कमी पडतंय," अण्णा म्हणाले. त्यांनी तेल घातलं. खुर्ची माघारी आली, फक्त आता आवाज न करता.

"तुम्ही बसून बघा," सून म्हणाली. अण्णा बसले, झरकन खाली. ती बसली, झरकन खाली. तिचा नवरा, म्हणजे अण्णांचे चिरंजीव बसले, तेही खाली. सासूबाई बसल्या आणि परत वर.

"म्हणजे मीच खोटं नाणं," सासूबाई म्हणाल्या.

"जड असशील," अण्णा म्हणाले.

"पोत्यांपेक्षा?"

अण्णा या बाबतीत शहाणे होते. ते तेलाचा डबा ठेवायला निघून गेले.

सुनेच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि फार बुद्धी चालवून नाही. ती फक्त ऐकत होती. वळण आलं की सासूबाई खुर्चीला म्हणायच्या, "हळू गं बाई." पुढच्या पायरीला पुन्हा, "हळू." त्याच्या पुढच्या पायरीला, "अगं हळू म्हटलं ना." खुर्चीला बोललेलं कळत असल्याने प्रत्येक 'हळू'चा एक नवा निरोप खणात पडायचा. पोती बोलत नाहीत. अण्णांना हळू हा शब्द ठाऊक नाही. बाकीच्यांना घाई.

मग ती स्वतः खुर्चीवर बसली आणि दर पायरीला 'हळू, हळू' करत निघाली. चौथ्या खेपेला खुर्ची तिला घेऊन वर आली. तिला इतका आनंद झाला की सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

कंपनीतून तिने ऑसिलोस्कोप आणला. तारेतून वीज कधी गेली ते पडद्यावर रेघेने दाखवणारं हे यंत्र. वरची रेघ घंटेची, खालची पोच आल्याची. रीत अशी, की वरची रेघ उडी मारणार, मग खालची. घंटा, मग 'मिळालं'. घंटा, मग 'मिळालं'. बहुतेक वेळा तसंच दिसलं. आणि ज्या खेपेला खुर्ची फिरली, त्या खेपेला खालच्या रेघेने उडी आधी मारलेली. घंटा वाजायच्या आधीच 'मिळालं'.

तिने तारा उलट्या लावल्यात का ते तपासलं. सुलट होत्या. ती जिन्यावरूनच म्हणाली, "अण्णा, जरा एक विचारायचं होतं, तुमच्या त्या—"

"फडताळात, वरच्या खणात," अण्णांनी खोलीतून उत्तर दिलं.

"काय?"

"स्क्रू-ड्रायव्हर. तोच हवाय ना?"

सून पडद्यावरच्या त्या दोन रेघांकडे बघत राहिली. तिला जे कळायचं ते कळलं.

अण्णांची रीतच तशी. दाराची घंटा वाजायच्या आत दार उघडायचे. आलेला माणूस घंटेकडे नेलेलं बोट तसंच घेऊन आत यायचा. पानं वाढायच्या आधी सून ताटं पुसून मांडायची, ती रिकामी ताटं बघून अण्णा 'आज जेवण नाही वाटतं' असं जाहीर करायचे. "घंटेची वाट बघतो तो शिपाई," असं त्यांचं वचन होतं. हेच वचन त्यांनी धाकट्या प्रोसेसरला शिकवलं होतं. धाकटा घंटेकडे लक्षच देत नव्हता. तो क्षणोक्षणी खणात डोकावत होता. बदल दिसला की उचलला निरोप, दिली पोच.

आणि सुनेचा स्वभाव असा, की कुठलंही भांडं पुसल्याशिवाय त्यात काही वाढायचं नाही. तिच्या बाजूने खण आधी पुसला जायचा, मग नवा निरोप, मग घंटा. पुसणं आणि लिहिणं यांच्यामध्ये थोरला प्रोसेसर अधूनमधून स्क्रीनवरचं घड्याळ रंगवायला निघून जायचा. म्हटलंच आहे, तो सदा कामात. नेमकं तेव्हा धाकट्याने डोकावलं की त्याला पुसलेला खण दिसायचा. सगळी शून्यं. आणि अण्णांच्या हिशेबी शून्य म्हणजे घरी चला. लिफ्टच्या कारखान्यातली जुनी रीत: काही सांगितलं नसेल तर लिफ्टने आपल्या मजल्यावर जाऊन उभं राहायचं. सासूबाईंचा मजला वरचा. खुर्ची त्यांना इमानाने घरी आणून सोडत होती.

इतकं सगळं कळलं, आणि इथेच घोडं अडलं. सासऱ्यांना कसं सांगायचं, की तुम्ही समोरच्याचं पुरतं ऐकून घेत नाही? सांगायला सुरुवात केली की ते पुरतं ऐकून घेणार नाहीत.

तिने नवऱ्याला मध्ये घातलं. चिरंजीव दातांचे डॉक्टर. दिवसभर लोक त्यांच्यापुढे आ वासून बसलेले असतात आणि उलट बोलू शकत नाहीत, त्यामुळे आपल्याला माणसांशी बोलता येतं असा त्यांचा समज. त्यांना तिने पाऊण तास समजावलं. खण, घंटा, पुसणं, शून्य. त्यांनी मान डोलावली आणि रात्री जेवताना वडिलांना म्हणाले, "अण्णा, ही म्हणते तुम्हाला घंटा ऐकू येत नाही."

अण्णांचा घास हातात राहिला. सुनेने डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून कानाच्या डॉक्टरकडे गेले.

ते गेल्याचं बघून सुनेने जे केलं, ते करू नये असं मालकांनी भिंतीवर पाटीच लावून ठेवलं होतं: 'एकमेकांच्या कोडला हात लावू नये. भांडणं बाहेर.' तिने हात लावला. धाकट्याचं डोकावणं बंद केलं. आता तो घंटेशिवाय हलणार नव्हता. मग स्वतः बसून वळणापर्यंत चार फेऱ्या मारल्या, तोंडाने 'हळू'चा जप करत. खुर्ची एकदाही फिरली नाही.

"आई, चला," ती म्हणाली. "आज पोचताय तुम्ही."

सासूबाईंनी टेप गळ्यात अडकवला, चष्मा पुसला आणि निघाल्या. वळणावर भिंतीत खिडकी आहे. तिथून दुकानाच्या शटरचा वरचा भाग दिसतो. "थांब," त्या खुर्चीला म्हणाल्या. खुर्ची थांबली. किती दिवसांनी त्या ते शटर बघत होत्या. त्यावर कोणीतरी मोबाईलच्या कव्हरांचं पोस्टर चिकटवलं होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "चल."

खुर्ची गेली नाही.

"चल म्हटलं."

खुर्ची ढिम्म. सुनेने लॅपटॉप उघडला. खणात 'चल' व्यवस्थित लिहिलेलं, घंटाही वाजवलेली. पोच नाही. थोरला शिस्तीचा, आधीच्या निरोपाची पोच आल्याशिवाय दुसरा निरोप ठेवणार नाही. धाकट्याला काही पत्ताच नाही. दोघेही नियमाने वागत होते, आणि सासूबाई वळणावर लटकत होत्या.

इतक्यात खालून अण्णा आले, हातात कागद. "दोन्ही कान विशीतल्या पोरासारखे आहेत," त्यांनी पहिल्याच पायरीवरून वाचायला घेतलं, आणि वर बघितलं. जिना अरुंद. मध्ये खुर्ची. वर सून, खाली अण्णा, मध्ये सासूबाई. ना अण्णांना वर जायला वाट, ना सुनेला खाली यायला.

"झोपलाय तो," अण्णा म्हणाले. त्यांना काही विचारावं लागलं नाही. "खुर्ची थोडा वेळ उभी राहिली की बॅटरी वाचवायला धाकटा डुलकी घेतो. पूर्ण जागा होण्याआधी वाजलेली घंटा हवेत जाते. म्हणून मी त्याला डोकावायला लावलं होतं. कोणी बंद केलं?"

"मी," सून म्हणाली. "चुकलं माझं. तुमच्या कोडला हात लावायला नको होता. आणि घंटा हरवते हे मला ठाऊक नव्हतं."

अण्णा तयारीत होते ते भांडणाच्या. समोरून भांडणच न आल्याने त्यांचा तोल गेला आणि ते पायरीवर बसले. "लिफ्टच्या कारखान्यात एकदा अशीच हरवली होती," ते म्हणाले. "आत माणसं. एक बाई तर अवघडलेली. आम्ही घंटेवर भरवसा ठेवून बसलो होतो. तेव्हापासून मी घंटेची वाट बघत नाही. स्वतः जाऊन बघतो."

"ते बरोबरच आहे, अण्णा. पण तुम्ही बघता तेव्हा माझं लिहून—"

"मग तू लवकर लिहीत जा!"

"अहो," सासूबाई मध्येच म्हणाल्या. त्या मध्येच होत्या. "त्या दिवशी मी दुकानाचं काय म्हणत होते?"

"आता इथे दुकान कुठून आलं?"

"काय म्हणत होते मी?"

"म्हणालीस, दुकान आता देऊन टाकावं."

"पुढे?"

"पुढे काय? मी गेलो आणि त्याला शब्द दिला. तुझ्यासाठी चप्पल न घालता धावलो होतो."

"धावलात हे खरं. माझं वाक्य होतं, दुकान आता देऊन टाकावं असं तो कव्हरवाला सगळीकडे बोलत सुटलाय, त्याला जरा दम देऊन या." सासूबाईंनी टेपची दोन्ही टोकं सारखी केली. "मी 'बोलत सुटलाय'पर्यंत आले तेव्हा तुम्ही जिन्याच्या तळाशी होतात. तुमच्या गुडघ्याला बाशिंग, आणि माझ्या खुब्याला प्लेट. धावणार कोण मागे?"

एरवी अशा वेळी अण्णा उठून काहीतरी ठेवायला जातात. आज वर वाट नव्हती, आणि खाली गेले असते तर दुकानासमोर गेले असते.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"परत आलात ते शब्द देऊन. तुमचा शब्द मोडला असता तर तुम्ही महिनाभर जेवला नसता. म्हटलं बोलण्यापेक्षा बसून दाखवावं." त्या खुर्चीच्या हातावर थाप मारत म्हणाल्या, "तर ही खुर्ची. तीही तुमच्याच वळणावर गेली."

अण्णांनी वर सुनेकडे बघितलं. "सूनबाई, तू काय सांगत होतीस? तुझं लिहून काय?"

"माझं लिहून पूर्ण—" तिने सवयीने वाट बघितली. मध्ये कोणी बोललं नाही. तिला पुढचं वाक्यच आठवेना, इतकी ती गोंधळली. मग तिने सगळं सांगितलं. पुसलेला खण, घड्याळ रंगवायला गेलेला थोरला, शून्य म्हणजे घर, घंटेच्या आधी आलेली पोच. अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ठेवले होते. मध्ये दोनदा त्यांचे ओठ हलले; दोन्ही वेळा सासूबाईंनी नुसतं बघितलं.

"रिकाम्या ताटासारखं," तिचं संपल्यावर अण्णा म्हणाले.

"तसंच."

"पण डोकावणं मी सोडणार नाही."

"सोडू नका. मी सगळं लिहून झाल्यावर शेवटी 'पूर्ण' अशी खूण करेन. तुम्ही हवं तेवढं डोकावा. खूण नसेल तर हात लावायचा नाही."

"तुझा तो थोरला लिहायचा क्रम आपल्या मनाने बदलतो. खूण आधी पडली आणि मजकूर मागून, तर?"

सून चकित झाली. हे तिच्याही ध्यानात नव्हतं असं नाही. पण ते त्यांना ठाऊक असेल हे ध्यानात नव्हतं. "बदलतो. तिथे अडसर घालते. आधीचं सगळं पोचल्याशिवाय खूण पुढे जाणार नाही."

"आणि शून्य म्हणजे आता काहीच नाही. घर नाही." हे म्हणताना अण्णांना जड गेलं. लिफ्टच्या कारखान्यात घातलेली हयात होती ती. "शिवाय धाकटा जागा झाला की आधी एकदा खण बघेल. झोपेत राहिलेलं काही असलं तर."

"हे सगळं झालं की मला सोडवा," सासूबाई म्हणाल्या. "मी कुठे जात नाहीये."

खुर्चीखाली एक हातदांडा असतो, वीज गेली तर फिरवायला. अण्णांनी तो बसवला. दोन्ही हातांनी धरला आणि सवयीने खालच्या बाजूला एक वेढा द्यायला निघाले. द्यायला निघाले, आणि थांबले.

"वर," त्यांनी विचारलं, "का खाली?"

आणि वाट बघितली.

सासूबाईंनी उत्तराला पुरेसा वेळ घेतला. खिडकीतून शटर बघितलं, पोस्टर बघितलं, चष्मा काढून परत घातला. अण्णा दांडा धरून उभे. सुनेला वाटलं यांना काहीतरी होणार.

"वर," सासूबाई म्हणाल्या. "खाली माझी मी येईन."

पुढचे दोन दिवस सासरे आणि सून जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून लिहीत होते. टेबलावर जेवायची बंदी होती, ताटं पुसायचाही प्रश्न नव्हता. चिरंजीवांना काही विचारायला पाठवायची गरज पडली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. मालकांनी फोन करून विचारलं, "भिंतीवरच्या पाटीचं काय झालं?" सुनेने सांगितलं, "भांडणं बाहेर केली. म्हणजे जिन्यात." मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाला दाखवता येईल असं काही असेल तर सांगा."

पहिल्या तारखेला सकाळी सासूबाई खुर्चीवर बसल्या. वळणावर 'हळू' म्हणाल्या. खिडकीपाशी 'थांब' म्हणाल्या आणि मुद्दाम खूप वेळ थांबल्या. धाकटा झोपून उठला. 'चल' म्हटल्यावर खुर्ची गेली. पुढे दर पायरीला 'हळू', 'हळू गं', 'हळू म्हटलं ना'. शेवटच्या पायरीवर त्यांनी पाय पुढे केला, जरा मागे घेतला, खुर्चीकडे संशयाने बघितलं, आणि मग उतरल्या.

शटर चिरंजीवांनी उघडलं. मशिनवर धूळ होती. सुईत निळा दोरा तसाच ओवलेला. सासूबाई स्टुलावर बसल्या, पायाने पट्टी दाबून पाहिली आणि अण्णांकडे वळल्या. काही बोलल्या नाहीत. अण्णा त्यांचं पूर्ण होईपर्यंत थांबले, म्हणजे काही येत नाही याची खात्री होईपर्यंत थांबले, आणि शेजारच्या दुकानात गेले. दिलेला शब्द परत मागायला.

ते तासाभराने आले. चेहरा उतरलेला.

"काय म्हणाला?" सुनेने विचारलं.

"सगळं," अण्णा म्हणाले. "त्याच्या भावाच्या लग्नापासून सुरुवात केली त्याने. मी मध्ये बोललो नाही." ते कापडाच्या गठ्ठ्यावर टेकले. "हो म्हणाला, शेवटी. आधीच म्हणाला असता. पण त्याचं संपेपर्यंत मी विचारायचं थांबलो होतो."

सासूबाईंनी एक अर्धवट कोट काढून मशिनवर पसरला होता. धावदोरा उसवत मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, जरा ती—"

अण्णा अर्धे उठले. मग खाली बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

सासूबाई थांबल्या. सून थांबली. दाराशी आलेलं गिऱ्हाईकही थांबलं.

"कात्री," सासूबाई म्हणाल्या.

"तीच देणार होतो," अण्णा म्हणाले, आणि द्यायला उठले.